भिंतीतून कुत्र्यासाठी दार काढायचंय? आधी खिडकीखाली बघा

पश्चिमेची भिंत सोडा, ताई. ती सोडलीत की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

तुमची अडचण मला समजली ती अशी. साताऱ्यातल्या शाहूपुरीत १९९४ साली बांधलेला तळमजला आणि वर एक मजला असा बंगला, बाहेरच्या भिंती विटांच्या, नऊ इंची. घरात पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर आणि एक मांजर. तुम्ही दोघंही नोकरीला, दिवसभर घरी फक्त सासूबाई, आणि गुडघेदुखीमुळे कुत्र्यासाठी तासातासाला उठून दार उघडणं त्यांना होत नाही. म्हणून हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीत खाली भोक पाडून फ्लॅपचं पेट डोअर बसवायचं, आणि तेही गणपतीच्या आत. पूर्वेला जेवणाच्या खोलीची चार फुटी खिडकी आहे, पण तिच्याबाहेर धुण्याचा दगड आहे म्हणून ती बाजू तुम्हाला नको वाटते. गवंडी म्हणतो अर्ध्या दिवसाचं काम. शिवाय शेजारचा बोका आत येऊ नये.

गवंडी खोटं बोलत नाही. भोक अर्ध्या दिवसातच पडतं. मी साताऱ्यात छोटी बांधकामं करतो, पण जास्त करून दुरुस्त्या. ओल येते म्हणून बोलावणं येतं तेव्हा बऱ्याच वेळा घर बांधून झाल्यावर कुणीतरी पाडलेलं भोकच सापडतं. एसीचा पाइप, गीझरचा पाइप, वॉशिंग मशीनची नळी. ही भोकं दोन-तीन इंचांची असतात आणि तरी भिंतीचा रंग फुगवतात. तुम्ही दीड फुटाचं पाडणार, तेही जमिनीलगत आणि पावसाच्या तोंडावर.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. यवतेश्वराच्या डोंगरावरून वारा उतरला की शाहूपुरीत पाऊस उभा पडत नाही, आडवा मारतो. तुमच्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून हात लावून बघा, पावसाळ्याच्या शेवटी ती हिरवी झालेली असेल. फ्लॅप म्हणजे शेवटी लोंबकळणारा एक तुकडा. वाऱ्याचा दाब आला की तो आत ढकलला जातो आणि फटीतून पाणी फरशीवर येतं. चुंबक लावा, ब्रश लावा, वर छज्जा काढा, पश्चिमेला हे सगळं अपुरं पडतं. पूर्व किंवा उत्तर घ्या. वास्तूवाले पूर्व आणि उत्तर म्हटलं की खूश असतात, त्यामुळे सासूबाईंचीही हरकत येऊ नये.

म्हणजे जेवणाच्या खोलीची भिंत. आणि तिथे मी भिंतीत कुठेही नाही, बरोबर त्या खिडकीच्या खाली, मधोमध दार घेईन.

याचं कारण नीट समजून घ्या, कारण सगळ्या कामातली हीच गोष्ट महत्त्वाची आहे. भिंतीत भोक पाडलं की वरचं वजन भोकाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरायला हवं. त्यासाठी भोकावर लिंटेल, म्हणजे वजन पेलणारा आडवा काँक्रीटचा तुकडा, लागतं. खिडकीवर ते घर बांधतानाच घातलेलं आहे. वरचा मजला, स्लॅब, वरची भिंत यांचं वजन त्या लिंटेलवरून खिडकीच्या दोन्ही बाजूंना जातं. खिडकीच्या खालची तीन फूट भिंत नुसती भरावाची असते, तिच्यावर खिडकीच्या चौकटीपलीकडे फारसं काही टेकलेलं नसतं. म्हणून तिथे उघडलेल्या भोकाला घराच्या ताकदीशी जवळजवळ देणंघेणं राहत नाही. फक्त चौकटीच्या टोकाशी जाऊ नका, कारण बाजूने उतरणारं वजन तिथेच खाली येतं. चार फुटी खिडकीच्या मधोमध दीड फूट घेतलं तर दोन्हीकडे सव्वा-सव्वा फूट शिल्लक राहतं, ते पुरे. शिवाय खिडकीचा छज्जा तिथे आयता आहे, आणि विजेच्या पट्ट्या खिडकीखालून सहसा नेलेल्या नसतात. धुण्याच्या दगडाचं म्हणाल तर तो हलवता येतो. भिंत हलवता येत नाही.

तुमचं घर लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवरच उभं, आहे की कॉलमचं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ओळखायला सोपं आहे. खोल्यांच्या कोपऱ्यांत भिंतीबाहेर चार-सहा इंच आलेले खांब दिसतात का, स्लॅबखाली बीम दिसतात का ते बघा. मंजूर नकाशा सापडला तर त्याहून बरं. साताऱ्यातले त्या काळातले बरेच बंगले विटांच्या भिंतींवरच उभे आहेत, त्यामुळे खात्री होईपर्यंत तुमचंही तसंच आहे असं धरून चला. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सासूबाईंच्या पिढीला आठवतो. सहा रिश्टरच्या वरचा तो धक्का आपल्याच जिल्ह्यात होता. भूकंपात विटांची भिंत फुटते ती बहुतेक वेळा कोपऱ्यांपाशी आणि दोन उघड्यांच्या, म्हणजे दार-खिडक्यांच्या, मधल्या बारीक तुकड्यात. आयएस ४३२६ या मानकातही उघडी जागा कोपऱ्यापासून लांब आणि दोन उघड्यांमध्ये अंतर राखून घ्यायला सांगितलंय. खिडकीखालची जागा मिळत नसेल तर मी कोपऱ्यापासून आणि शेजारच्या दार-खिडकीपासून किमान दोन फूट सोडायला लावतो. कॉलम, बीम, जोत्याचा बीम यांना हात नाही म्हणजे नाही. कुत्र्याला ओलांडायला सोपं जावं म्हणून एका घरी जोत्याचा बीमच दोन इंच खरवडलेला मी पाहिलाय, सळई उघडी पडलेली होती.

आता मापं. कुत्रा उभा करून खांद्याची उंची घ्या, डोक्याची नाही. जनावर दारातून जाताना मान खाली घालतं. लॅब्रॅडॉर साधारण बावीस इंच धरा, पण तुमचा मोजा. छातीची सर्वांत रुंद जागा मोजा, ती बारा इंच धरू. उघड्याची वरची कड फरशीपासून खांद्यापेक्षा दोन इंच वर, म्हणजे चोवीस इंचांवर. रुंदी छातीपेक्षा दोन इंच जास्त, म्हणजे चौदा. उंबरा आतल्या फरशीपासून चार इंच ठेवा, म्हणजे तुमच्या स्कर्टिंगच्या कडेला. त्याहून खाली गेलात तर पाणी आणि किडे सरळ आत, त्याहून वर गेलात तर हा कुत्रा म्हातारा झाल्यावर तुम्हाला शिव्या घालेल. लॅब्रॅडॉरच्या मागच्या खुब्यांचं दुखणं प्रसिद्ध आहे, आणि त्यांचं वजनही घरातल्या प्रेमानं वाढतच जातं. म्हणजे तयार उघडं चौदा बाय वीस इंच झालं. तेवढ्या मापाचा चौकोन पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात कापा आणि कुत्र्याला त्यातून चार वेळा बिस्किटाच्या मागे न्या. पोट घासत असेल तर भिंत फोडायच्या आधी कळलेलं बरं.

आतून दगडाचं अस्तर आणि मसाला जाईल म्हणून वीटकामातलं भोक प्रत्येक बाजूला सव्वा इंच मोठं लागेल, म्हणजे साधारण सतरा बाय तेवीस. खिडकीची सिल, म्हणजे खालची आडवी कड, तीन फुटांवर असेल तर वर तीन इंची लिंटेल घालूनही मध्ये सात इंच वीटकाम उरतं. हिशोब बसतो.

लिंटेल कशाला, वर काही वजनच नाही म्हणालात ना, असं गवंडी विचारेल. वरच्या सात इंचांतल्या विटा आणि खिडकीची सिल तरी धरायला हवी. लिंटेल जमिनीवर आधी ओतून ठेवा. सतरा इंचाच्या भोकाला दोन्हीकडे सहा-सहा इंच टेक धरून एकोणतीस इंच लांब. नऊ इंच रुंदीचं एकच करण्यापेक्षा साडेचार इंची दोन करा. एक सिमेंट, दीड वाळू, तीन बारीक खडी असं काँक्रीट, प्रत्येकात खालच्या अंगाला आठ मिलिमीटरच्या दोन सळया. ओल्या गोणपाटाखाली दहा दिवस ठेवा. एक तुकडा साधारण सोळा किलोचा होतो, एक माणूस उचलून बसवू शकतो. ओतल्या ओतल्या वरच्या बाजूला खिळ्यानं बाण काढून ठेवा. सळया खाली आहेत हे त्या दिवशी सगळ्यांना माहीत असतं. दहा दिवसांनी कुणालाच आठवत नाही, आणि उलटं बसलेलं लिंटेल बाहेरून अगदी सुलट्यासारखंच दिसतं.

दोन तुकडे करायचं कारण लोडबेअरिंग भिंतीत कळतं, आणि ज्यांना खिडकीखालची जागा मिळत नाही त्यांनी तर ही पद्धत सोडूच नये. आधी आतल्या बाजूने भिंतीच्या अर्ध्या जाडीत फक्त लिंटेलपुरती खाच काढायची, पहिला तुकडा सरकवायचा, वर एकास तीनचा (एक सिमेंट, तीन वाळू) घट्ट मसाला आणि फरशीच्या चिपा ठोकून बसवायच्या. दोन दिवस थांबायचं. मग बाहेरून दुसरा. दोन्ही बसले आणि मसाला धरला की मगच खालचं भोक काढायचं. अशी भिंत एक क्षणही लोंबकळत राहत नाही. आमचे काही लोक आधी भोक पाडतात, मग वर बघतात, मग लाकडाची खुंटी शोधायला पळतात.

मोबाइलवर जे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील ते बहुतेक अमेरिकेतले. तिथली भिंत लाकडी खांबांची, आतून जिप्समच्या बोर्डाची आणि मध्ये कापसासारखी दिसणारी काचेची लोकर भरलेली असते. म्हणून ते लोक करवतीनं कापतात आणि थंडी अडवायला चार थर लावतात. आपल्याला थंडीची फिकीर नाही. आपली भांडणं पाण्याशी, घुशींशी आणि सापांशी.

भोक कापताना पहिलं काम म्हणजे त्या खोलीचा एमसीबी बंद करणं. स्विचबोर्डापासून उभी रेघ सरळ वर किंवा सरळ खाली धरा, तिथे पाइपातली वायर असते. शेजारी बाथरूम किंवा वॉश बेसिन असेल तर पाण्याची लाइनही भिंतीत असू शकते. मग आतून गुण्या आणि पाणसळ लावून चौकोन आखा. चारही कोपऱ्यांवर सोळा मिलिमीटरच्या लांब बिटनं आरपार भोकं घ्या, ड्रिल बाहेरच्या बाजूला किंचित खाली झुकवून. ही चार भोकं बाहेर निघाली की बाहेरचा चौकोन आपोआप जुळतो. आतून मोजून बाहेर अंदाजानं आखलं तर आत एक आणि बाहेर दुसरं असं तिरकं भुयार होतं आणि नंतर सगळा खर्च मसाल्याने सरळ करण्यात जातो.

दोन्ही बाजूंनी मार्बल कटरनं रेघेवर कापा. कटर सव्वा इंचापर्यंत जातो, म्हणजे गिलावा आणि विटेचा थोडा भाग. तेवढं पुरतं, गिलाव्याचे पापुद्रे बाजूला सुटत नाहीत. धूळ भयंकर उडते, कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन उभं राहायला हवं आणि जेवणाच्या खोलीतली भांडी आधी हलवायला हवीत. पुढचं छिन्नी-हातोड्यानं. मधली एक वीट आधी काढायची, मग मोकळ्या जागेकडे बाकीच्या. निम्मं आतून आणि निम्मं बाहेरून. ब्रेकर आणतो म्हणाला तर नको म्हणा. त्या हादऱ्यानं खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या भेगा जातात, आणि काम संपल्यावर त्या आधीपासूनच होत्या असं ऐकायला मिळतं. निघालेल्या अख्ख्या विटा बाजूला रचून ठेवा, बाजूचे दात भरायला त्याच बऱ्या.

आता उंबरा. इथे तुमच्या गवंड्यावर माझा विश्वास नाही असं समजा आणि स्वतः उभ्या राहा.

भिंतीची जाडी नऊ इंच, दोन्हीकडचा गिलावा धरून दहा-साडेदहा. एवढ्या लांबीत उंबऱ्याला बाहेरच्या बाजूला अर्धा ते पाऊण इंच उतार द्या. पाणसळीचा बुडबुडा स्पष्टपणे आतल्या बाजूला सरकलेला दिसला पाहिजे. खाली, दोन्ही बाजूंना आणि वर कडप्पा किंवा ग्रॅनाइटचं अस्तर. खालचा दगड बाहेर एक इंच पुढे काढा आणि त्या पुढे आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला कटरनं एक बारीक खाच मारा. पाणी दगडाच्या कडेवरून खाली येऊन उलटं भिंतीकडे सरकतं, ते त्या खाचेपाशी थांबून गळून पडतं. वर खिडकीच्या सिलला अशी खाच नसेल तर तिथेही मारून घ्या, नाहीतर खिडकीवरून उतरलेलं सगळं पाणी फ्लॅपवर येईल. दगडामागचा मसाला एकास चारचा, त्यात वॉटरप्रूफिंगचं द्रावण पन्नास किलोच्या पोत्याला दोनशे मिली या हिशोबानं. दगड बसवायच्या आधी भोकाच्या आतल्या चारही बाजूंना पॉलिमरचं वॉटरप्रूफिंग ब्रशनं दोन हात लावा, दुसरा पहिल्याच्या आडवा. जुन्या आणि नव्या गिलाव्याच्या सांध्यावर सहा इंच रुंद जाळी ठोका, नाहीतर वर्षभरात चौकोनभर केसासारखी भेग दिसेल.

काही ठिकाणी प्लायचं किंवा पत्र्याचं अस्तर करतात. आपल्या मातीत जमिनीलगतचं प्लाय म्हणजे वाळवीला आमंत्रण. पत्र्याचं म्हणाल तर कुत्रा आणि विशेषतः येणारे-जाणारे बोके कोपऱ्यावर मुततात, त्यानं गॅल्व्हनाइज्ड पत्राही खाल्ला जातो. दगड लावा आणि विसरा.

बाहेरचा कट्टा हा नेहमी राहून जाणारा भाग. आपल्याकडे जोतं अंगणापासून दीड-दोन फूट वर असतं, म्हणजे उंबऱ्यापासून जमीन दोन-सव्वादोन फूट खाली. कुत्रा तरुण आहे तोवर उडी मारेल. बाहेर तीन फूट बाय अडीच फुटांचा कट्टा बांधा आणि खाली सहा-सहा इंचांच्या पायऱ्या, वर खरखरीत शहाबादी, घासलेली नको. कट्ट्याची पातळी उंबऱ्यापेक्षा किमान चार इंच खाली आणि उतार बाहेर. दिसायला छान म्हणून कट्टा आणि उंबरा एका पातळीत केला की पावसात कट्ट्यावर उडालेलं पाणी सरळ घरात येतं. वरून पागोळ्या पडत असतील तर त्यांचं पाणी फूट-दीड फूट उसळतं, तेव्हा पागोळी कट्ट्यावर पडणार नाही असं पन्हाळ बसवून घ्या.

रंग लावायच्या आधी बाहेरून नळी धरून पंधरा मिनिटं पाणी मारा, खालून वर आणि तिरकं. आत कोरडं राहिलं तर गवंड्याचे उरलेले पैसे द्या.

फ्लॅपबद्दल. बाजारात तयार मिळणारे बरेचसे फ्लॅप दोन इंची लाकडी दारासाठी असतात. भिंतीसाठी आत-बाहेर दोन फ्लॅपची, मध्ये बोगदा असलेली किट येतात, पण लॅब्रॅडॉरच्या मापाचं घ्यायला गेलात तर किंमत ऐकून बसाल. मी ॲल्युमिनियम सेक्शनवाल्याकडून चौकट करून घेतो, आत एक आणि बाहेर एक, आणि दोन्हीला तीन मिलिमीटरची मऊ पारदर्शक पीव्हीसी शीट. औषधाच्या दुकानांत, कोल्ड स्टोरेजच्या दारात लोंबतात त्याच जातीची. खाली ॲल्युमिनियमची पट्टी आणि चुंबक, बाजूंना ब्रशची पट्टी. दोन फ्लॅपमध्ये जी नऊ इंच हवा अडकते तिच्यामुळे वारा आणि डास दोन्ही कमी होतात. शीट पिवळी पडून कडक झाली की तेवढीच बदलायची. चौकट आणि दगड यांच्यात फट भरायला पीयू सीलंट वापरा, पांढरा सिमेंट नको, तो सुटतो.

आणि आता ज्यासाठी दोन्ही फ्लॅपच्या आत तिसरी गोष्ट लागते ती: रात्रीची झडप. आतल्या भिंतीवर दोन यू चॅनेल आणि त्यात वरून खाली सरकणारा तीन मिलिमीटर ॲल्युमिनियमचा किंवा स्टेनलेसचा पत्रा, खाली कडी. तयार दाराबरोबर प्लास्टिकचं झाकण येतं, ते या कामाचं नाही. दिवस मावळला की कुत्रा आत आणि झडप खाली, हा नियम घरात सगळ्यांना माहीत हवा.

यामागे दोन कारणं आहेत. पहिलं मण्यार. ती रात्री फिरते, घरात शिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते तेव्हा कित्येकदा कळतही नाही. फ्लॅपच्या कडेला पाव इंचाहून मोठी फट राहिली की लहान साप शिरतो. उंदराच्या मागावरची धामण तर फ्लॅप ढकलूनच येईल. म्हणून कुत्र्याच्या जेवणाचं भांडं दारापाशी ठेवू नका. सांडलेल्या दाण्यांवर मुंग्या आणि उंदीर येतात, उंदरांमागे बाकीचे. कट्ट्याभोवती कुंड्यांची दाटी, विटांचे ढीग, पालापाचोळा नको. निघालेल्या विटा मघाशी रचायला सांगितल्या, त्या काम झाल्यावर तिथून हलवा.

दुसरं कारण बिबट्या. कराड, पाटण, शिराळा भागात उसाच्या फडात बिबटे राहतात, ऊसतोडीच्या दिवसांत बछडी सापडतात हे तुम्ही वाचलेलंच असेल. शहराच्या डोंगराकडच्या वस्त्यांनाही ते नवीन नाही. अंगणातला कुत्रा हे त्याचं सोपं भक्ष्य. ज्या कुत्र्याला रात्री स्वतःहून बाहेर जायचा रस्ता मिळालाय, तो आवाज ऐकून भुंकत बाहेर धावणारच. झडप असेल तर आतूनच भुंकेल.

चोराचंही थोडं. चौदा बाय वीसच्या भोकातून बारीक अंगाचा मुलगा आत येतो. म्हणून झडपेला कडी, आणि हे दार मागच्या दाराच्या कडीपासून हाताच्या टप्प्याबाहेर, म्हणजे किमान तीन फूट लांब.

तारखेचं आता. गणपतीच्या आत हे करू नका. भर पावसाळ्यात भिंत ओली असते, वॉटरप्रूफिंग ओल्या विटेला धरत नाही, गिलावा वाळत नाही, आणि रंग दिवाळीला सोलून निघतो. दिवाळी झाली की सुरू करा. लिंटेल दसऱ्याच्या आसपास ओतून ठेवलंत तर चालेल. तोपर्यंत सासूबाईंची सोय म्हणून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराचा खालचा लाकडी फळीचा भाग सुताराकडून काढून घ्या आणि तिथे एकच फ्लॅप आणि आतून झडप लावा. हे खरंच अर्ध्या दिवसाचं काम आहे. दार उत्तरेला असेल आणि वर पत्र्याची पडवी असेल तर कदाचित तुम्हाला पुढे भिंत फोडायची गरजही वाटणार नाही. तसं झालं तर माझं एक काम बुडेल, पण तुमचं घर सुखरूप.

हेच वाचून पेठांतल्या जुन्या वाड्यांतलं कुणी विचारेल म्हणून सांगतो. दोन फुटी दगडी भिंत, आत मातीचा गारा, दोन्ही तोंडांना घडवलेला दगड आणि मध्ये नुसता भराव. या भिंतीतून एक दगड ओढला की पाठोपाठ किती येतील ते सांगता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत अशाच जाड भिंती, दोन तोंडं बांधणारे आरपार दगड नसल्यामुळे, फुगून आत-बाहेर कोसळल्या. तिथे दार किंवा खिडकीचाच भाग वापरा, भिंतीला हात नको. फ्लॅटमध्ये बाहेरची भिंत सोसायटीची असते, तुमच्या एकट्याची नाही, आणि नव्या टॉवरांत ती सबंध काँक्रीटची असेल तर विषयच संपला. सांगली-मिरजेकडच्या काळ्या मातीत आधीच खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा असतील तर आधी पाया आणि पाण्याचा निचरा बघा, दार नंतर. कृष्णेच्या पुरात ज्यांची घरं २००५, २०१९ आणि २०२१ ला बुडाली त्यांनी दगडाखेरीज दुसरं अस्तर लावूच नये. आणि आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीवर गेल्याचं ऐकलं की झडप वर करून ठेवावी. घाईत घर सोडताना ती कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि जनावर आत कोंडून पडतं.

कुत्र्याला शिकवायला वेळ लागत नाही. पहिले चार-पाच दिवस दोन्ही फ्लॅप वर बांधून ठेवा, नुसत्या भोकातून जाऊ-येऊ द्या. मग आतला सोडा, मग बाहेरचा. डोकं फ्लॅपला लागलं की काही कुत्री बिचकतात, तेव्हा पलीकडून सासूबाईंनी हाक मारायची आणि हातात चपातीचा तुकडा. ढकलून पार करू नका, ते महिनाभर परत जवळ येत नाही.

राहिला बोका. मायक्रोचिप ओळखून उघडणारे फ्लॅप मिळतात. पशुवैद्य मांजराच्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालतात, तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो, फ्लॅप तो वाचतो आणि कुलूप सोडतो. पेन्सिल सेलवर चालतं, वायर ओढावी लागत नाही. पण ही दारं प्रामुख्यानं मांजरं आणि लहान कुत्र्यांच्या मापाची. तुमचा लॅब्रॅडॉर त्यात मानेपर्यंतच जाईल. तेव्हा दोघांची दारं वेगळी करा. मांजरासाठी चिपवाला फ्लॅप खिडकीच्या काचेच्या एका तावदानात, सहा-सात इंचांचा, भिंतीला हात न लावता. कुत्र्याच्या फ्लॅपला खाली जास्त ओढीचे चुंबक लावा. तीस किलोच्या कुत्र्याला ते जाणवतही नाहीत, चार किलोच्या बोक्याला फ्लॅप हलत नाही. चुंबक एकेक वाढवत जा आणि कुत्रा अडखळायला लागला की एक कमी करा. आणि मांजराचं दूध-भाकरीचं ताट जेवणाच्या खोलीतून हलवून आतल्या खोलीत ठेवा, बोका त्या वासावर येतो.